रूळ टाकायचं बटण

वाचकहो, गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या गाठीभेटींत आपल्या मंडळातल्या तीन घरांतून माझ्याकडे एकच तक्रार आली. मुलगा (एका घरी मुलगी) तासन् तास कॉम्प्युटरवर आगगाडीचे रूळ टाकत बसतो. बंदुका-मारामाऱ्यांचे गेम असते तर रागवायला बरं पडलं असतं. पण हा रूळ टाकतो, पूल बांधतो, सिग्नल लावतो आणि जेवायला हाक मारली की "एक गाडी अडकलीय, पाचच मिनिटं" म्हणतो! इकडे ज्युनिअर सर्टची परीक्षा तोंडावर आलेली. "तुम्ही सिव्हिलवाले ना, मग तुम्हीच सांगा, हे अभ्यासात धरायचं की उनाडक्यांत?"

प्रश्न रास्त आहे. एका घरी तर लॅपटॉप कपाटात कुलूपबंद होण्याच्या बेतात होता, म्हणून या खेपेचं पान त्याच विषयाला दिलं आहे.

ज्यांच्या घरी हा खेळ अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. १९९० साली सिड मायर यांचा 'रेलरोड टायकून' आला. १९९४ साली स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयर यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' आला आणि पुढच्याच वर्षी त्याची सुधारलेली 'डीलक्स' आवृत्ती. नकाशावर गावं, कोळशाच्या खाणी, वीजघरं पसरलेली असतात. आपण कर्ज काढून रूळ टाकायचे, खाणीतला कोळसा वीजघरात पोचवायचा आणि त्या कमाईतून पुढचे रूळ टाकायचे. सॉयर यांनी हा प्रोग्रॅम जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला, म्हणजे भिंत विटांची न बांधता वाळूचा एकेक कण चिकटवून उभी केल्यासारखं! त्यामुळेच आमच्या होस्टेलवरच्या दमेकरी कॉम्प्युटरवरही तो सुखानं धावायचा आणि रात्री दोन वाजता रेक्टरच्या खोलीपर्यंत आमच्या इंजिनांच्या शिट्ट्या पोचायच्या. २००४ साली स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगियस यांनी मूळ प्रोग्रॅम उलगडून 'ओपन टीटीडी' नावानं नव्यानं लिहिला. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक तो सांभाळताहेत आणि तो फुकट मिळतो. तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर आहे तो बहुधा हाच.

या खेळात जमीन म्हणजे चौकोनी फरशा. एका फरशीवर रूळ सहाच तऱ्हांनी बसू शकतो: समोरासमोरच्या कडा जोडणारे दोन आणि कोपरा कापून शेजारच्या कडा जोडणारे चार. मूळ खेळात यासाठी चार दिशांची चार बटणं होती. दिशा बदलली की बटण बदलायचं, फरशीवर टिचकी मारायची, पुन्हा बटण. ओपन टीटीडीत पाचवं बटण आलं. माउसचा बाण फरशीच्या कुठल्या भागावर आहे ते पाहून सहापैकी कुठला तुकडा हवा हे प्रोग्रॅमच ओळखतो आणि बाण दाबून ओढत नेला की रुळांची अख्खी रांग पडते. कीबोर्डवरच्या १ ते ४ या आकड्यांवर जुनी बटणं, ५ वर हे नवं. 'आर' दाबलं की तेच अवजार रूळ टाकायच्या ऐवजी उखडायला लागतं!

आता म्हणाल, बटणांचं एवढं काय कौतुक? पण विळीवर चिरलेली भाजी आणि सुरीनं चिरलेली भाजी वेगळी दिसते की नाही? हातात अवजार कुठलं आहे त्यावर आपल्याला काय सोपं वाटणार आणि काय दिसणारच नाही हे ठरतं. फरशीवाल्या अवजाराला वळण दिसत नाही. त्याच्या लेखी वळण म्हणजे ४५ अंशांचा एक कोपरा, संपलं. फार तर गाडीचा वेग तिथं कमी होतो.

खऱ्या रुळावर सगळं रामायण वळणातच आहे. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी १००० मीटर त्रिज्येच्या वळणावर आली की आतल्या माणसाला त्याच्या वजनाच्या सुमारे तेराव्या भागाएवढा जोर बाजूला ढकलतो. ६५ किलोच्या माणसाला ५ किलो. तो सोसावा म्हणून बाहेरचा रूळ उचलून घ्यायचा. पण सरळ मार्ग संपून गोलाई एकदम सुरू झाली तर हा जोरही एकदम येणार आणि हातातला चहा शेजारच्याच्या मांडीवर! म्हणून सरळ आणि गोल यांच्यामध्ये हळूहळू आवळत जाणारा एक तुकडा घालावा लागतो. कोकण रेल्वेची आखणी ताशी १६० किलोमीटर वेग गृहीत धरून झाली, तेव्हा वळणांची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, खाड्यांच्या आणि डोंगरांच्या गर्दीत, सव्वा किलोमीटरची त्रिज्या! एवढ्या ऐसपैस वळणाला डोंगर वाट देत नाही. म्हणून रोहे ते ठोकूर या ७४० किलोमीटरच्या आसपासच्या मार्गात नव्वदच्या वर बोगदे आहेत.

बरं, कागदावर वळण काढलं, ते जमिनीवर कसं उतरवायचं? कंपास घेऊन सव्वा किलोमीटरचं वर्तुळ कोण काढणार? वर्तुळाचा मध्य पलीकडच्या दरीत नाहीतर कोणाच्या गोठ्यात असायचा. आपल्यापैकी जे सिव्हिलवाले असतील त्यांना सर्व्हे कॅम्प आठवेल: डोंगराची उघडी पाठ, डोक्यावर ऊन, थिओडोलाइटवर छत्री धरणारा एक जण, साखळी ओढणारे दोघं, आणि खुंट्या उपटून नेणारी गावातली पोरं. सरळ रेषा जिथं संपते तिथं थिओडोलाइट लावायचा, ठरलेला कोन फिरवायचा, साखळीचं दुसरं टोक त्या नजरेच्या रेषेत येईपर्यंत सरकवायचं आणि खुंटी ठोकायची. मग कोन वाढवायचा आणि साखळी त्या खुंटीपासून पुढे ताणायची. कोन किती? साखळीची लांबी भागिले त्रिज्या, गुणिले १७१८.९, उत्तर मिनिटांत. ४०० मीटर त्रिज्या आणि २० मीटरची साखळी असेल तर एका खुंटीला साधारण १ अंश २६ मिनिटं. हा १७१८.९ आकडा पंचवीस वर्षांनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. वर्तुळाचा मध्य न पाहता, नुसतं कोन आणि साखळी यांच्या जोरावर, खुंटी-खुंटीनं गोलाई जमिनीवर उतरते.

या पद्धतीला आमच्या पुस्तकांत 'रॅन्किनची पद्धत' म्हणत. मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारले असतील. होय, वाफेच्या इंजिनाच्या 'रॅन्किन सायकल'वाला तोच हा विल्यम रॅन्किन. आणि ही युक्ती त्यानं बसवली ती इथं, आयर्लंडमध्ये! एडिंबरोचा हा मुलगा विशीत असताना सर जॉन मॅकनील यांच्या हाताखाली उमेदवारी करत होता आणि मॅकनील तेव्हा डब्लिन-ड्रॉहेडा रेल्वेच्या कामात होते. तीच युक्ती त्या सुमारास आणखीही काही इंजिनियर वापरत होते आणि पुढं १८६०च्या दशकात मान कोणाचा यावरून थोडी कुरबुरही झाली. ते काही असो, नाव रॅन्किनचं राहिलं. आपल्याकडच्या डोंगरावर घाम गाळत आम्ही जे शिकलो ते ज्या मातीतलं होतं, त्याच मातीत नोकरी करायला मी आलो, हे मला इथं येऊन बऱ्याच वर्षांनी कळलं. बाल्ब्रिगन, स्केरीज, मॅलाहाइडकडे राहणारी आपली मंडळी रोज कामाला जातात ती याच मार्गानं. तो १८४४ साली सुरू झाला.

याच मार्गावर मॅलाहाइडच्या खाडीवरचा पूल आहे. खेळात पुलाचं एक बटण असतं. या काठावर टिचकी, त्या काठावर टिचकी, कुठल्या नमुन्याचा पूल हवा ते यादीतून निवडायचं, आणि मग त्या पुलाकडे जन्मात पुन्हा बघायचं नाही. २००९च्या ऑगस्टमध्ये मॅलाहाइडच्या पुलाचा एक भाग, नुकतीच एक गाडी त्यावरून गेलेली असताना, खाडीत कोसळला. भरती-ओहोटीच्या पाण्यानं खांबाच्या तळाचा भराव खाल्ला होता. माणूस दगावला नाही हे नशीब. मार्ग नोव्हेंबरपर्यंत बंद होता आणि आपले बरेच लोक तेवढे महिने बसच्या रांगेत उभे होते. रूळ टाकणं हे रेल्वेचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं, टाकलेला रूळ जपण्याचं. ते कुठल्याच बटणात बसत नाही.

बटणांच्या निरनिराळ्या घराण्यांबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण मुलं यावरून भांडतात आणि आपल्याला कळत नाही. सॉयर यांनीच २००४ साली 'लोकोमोशन' काढला. त्यात रूळ तुकड्या-तुकड्यानं पुढं न्यायचा: आता सरळ की वळण, वळण लहान की मोठं, चढ की उतार, ते ठरवा आणि 'बांधा' म्हणा. लगेच पुढच्या तुकड्याची बाह्यरेषा समोर येते. बहुतेक मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. मला मात्र हे रॅन्किनच्या सगळ्यांत जवळचं वाटतं. मागच्या खुंटीपासून पुढची खुंटी. २००३ सालच्या 'रेलरोड टायकून ३'पासून आणि अलीकडच्या 'ट्रान्सपोर्ट फीव्हर' (२०१६) किंवा 'सिटीज: स्कायलाइन्स' (२०१५) या खेळांत फरशा गेल्या. दोन टोकं दाखवली की मधली गोलाई प्रोग्रॅम स्वतःच काढतो. लोण्यातून सुरी जावी तसा रूळ डोंगरातून जातो. दिसायला फार सुंदर. माझं मत विचाराल तर शिकायला फरशीवालं जुनंच अवजार बरं. ते हटवादी आहे, पण डोंगर आडवा आला की तो आडवा आलाय हे कळतं तरी.

चढाचंच बघा. ओपन टीटीडीत रेल्वेचा चढ मुळात ३ टक्के धरलेला असतो, म्हणजे शंभर फुटांमागं तीन फूट. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट होता, म्हणजे २.७ टक्के. आकडे जवळजवळ सारखे! (कोकण रेल्वेनं दीडशेला एकच्या वर जायचं नाही असं ठरवलं. तिच्या पुलांचा आणि बोगद्यांचा खर्च त्यातूनही आला.) हे साम्य पाहून मला एक प्रयोग सुचला. तक्रार आलेल्या एका घरी, आई-वडिलांच्या परवानगीनं, मी चिरंजीवांना म्हटलं, एक उंच डोंगर तयार कर. खाली कर्जत, वर खंडाळा. जमीन खोदायची नाही, भर टाकायची नाही, बोगदा नाही. गाडी वर नेऊन दाखव.

पहिल्यांदा पठ्ठ्यानं डोंगराला वळसे घालून पाहिले. जागा संपली. मग रूळ एका अरुंद सपाटीवर नेला, तिथं तो कड्यापाशी अडला. पाऊण तास गेला. चहा झाला. मग त्यानं त्या सपाटीच्या टोकाशी चक्क एक स्टेशन टाकलं. गाडी आत शिरायची, इंजिन उलट फिरायचं आणि दुसऱ्या रुळानं उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा. माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, हे जरा चीटिंग आहे."

बोरघाटात नेमकं हेच केलं होतं. १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६३ साली घाट खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली असंच उलट फिरायचं स्टेशन होतं. गाडी तिथं थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग पुढचा प्रवास. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांची ही योजना. १९२९ साली मार्ग बदलून ते स्टेशन काढलं, म्हणजे हे 'चीटिंग' ६६ वर्षं चाललं! कर्जतला मागून इंजिनं लावावी लागतात ती अजूनही लागतातच. कर्जतचा वडा खायला जो वेळ मिळतो तो या ३७ला १च्या कृपेनं.

मुलाला गंमत वाटली. मग त्यानं विचारलं की खर्च किती आला. खेळात फरशीवर टिचकी मारली की पाउंडांचा आकडा वर तरंगत जातो, त्यावरून हा प्रश्न. मी त्याला पैशांऐवजी माणसांचं सांगितलं. घाटात एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर होते. पटकीच्या साथी आल्या की तळच्या तळ रिकामे व्हायचे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ साली तिथं आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ते कंत्राट सोडलं नाही, माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. तिचं नाव तरी कागदावर राहिलं. आपल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या ज्या बायाबापड्यांनी दगड वाहिले त्यांच्या नावांची यादी कोणी केली नाही. मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "बोगदे हातानं खोदले?" सुरुंगाची दारू आणि हात, म्हटलं. डायनामाइटचा शोध त्यानंतरचा. तो लगेच गूगल करायला लागला. मी थांबवलं नाही.

आणखी एक बटण आहे, रुळाची जात बदलायचं. साधे रूळ विजेचे करा, विजेचे काढून मोनोरेल करा. माउस ओढला की झालं! हे बटण १८४०च्या दशकात आयर्लंडला फार हवं होतं. डब्लिन-किंग्सटाउन (आताचं डन लेअरी) मार्ग १८३४ साली ४ फूट साडेआठ इंचांच्या गेजवर सुरू झाला. उत्तरेत बेलफास्टकडून येणाऱ्या अल्स्टर रेल्वेनं ६ फूट २ इंच धरलं. मधल्या ड्रॉहेडावाल्यांना ५ फूट २ इंच पसंत. म्हणजे तीन भावांनी एकाच घराला तीन मापांचे दरवाजे करावेत तसं. तंटा मेजर-जनरल पॅस्ली यांच्याकडे गेला आणि त्यांनी मधला मार्ग काढून ५ फूट ३ इंच ठरवलं. १८४६ साली त्याचा कायदा झाला. अल्स्टरवाल्यांना टाकलेले रूळ पुन्हा बसवावे लागले आणि किंग्सटाउनवाल्यांनाही पुढं तेच करावं लागलं. जगात हे माप फार थोड्या देशांत आहे. त्यातला एक ऑस्ट्रेलिया, तोही एका आयरिश इंजिनियरच्या सल्ल्यामुळे! न्यू साउथ वेल्सनं त्याचं ऐकून ५ फूट ३ इंच ठरवलं, व्हिक्टोरियानं त्याप्रमाणे सामान मागवलं, आणि मग न्यू साउथ वेल्सनं मत बदललं. १९६२ सालापर्यंत सिडनी-मेलबर्न प्रवासात हद्दीवर गाडी बदलावी लागायची. हसू नका. आपल्या बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी १८९७ साली सुरू झाली. तिचे रूळ रुंद करण्याचं काम पुरं व्हायला या शतकाचं पहिलं दशक उजाडावं लागलं.

आता बुलडोझर. हे बटण मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. घर, झाड, शेत, काय आडवं येईल ते एका टिचकीत साफ. सॉयर यांनी त्यावर एक इलाज ठेवला आहे, तो ऐकून आपल्या लोकांना मजा वाटेल. फार झाडं तोडली, फार घरं पाडली की गावची नगरपालिका रुसते आणि स्टेशनला परवानगी नाकारते. मग तिची समजूत काढायची. झाडं लावा. किंवा सरळ लाच द्या! (ती पकडली गेली तर मात्र कंबख्ती.) हा माणूस स्कॉटलंडमध्ये राहून आपल्याकडच्या इतक्या गोष्टी कुठं शिकला, देव जाणे.

पण रुसलेली नगरपालिका आणि जमीन गेलेला माणूस यांत फरक आहे. कोकण रेल्वेसाठी चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली. एकेका खातेदाराच्या दारात जावं लागलं. गोव्यात मार्गावरून मोठं आंदोलन झालं, चौकशी आयोग बसला, काम काही काळ थांबलं, आणि १९९८च्या जानेवारीत अख्खा मार्ग खुला झाला. या सगळ्याला बटण नाही. आयर्लंडमध्ये एका कंपनीनं मात्र फार हुशारी केली. मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४५ साली रॉयल कॅनॉल अख्खा विकतच घेतला आणि त्याच्या काठानं मलिंगरपर्यंत रूळ नेले. कॅसलनॉक, क्लॉन्सिला, मेनूथकडची मंडळी रोज गाडीच्या खिडकीतून जो कालवा बघतात, तो शोभेसाठी तिथं नाही! सपाट, सलग, एकाच मालकाची जमीन. खेळात मुरलेली मुलंही नदीकाठ धरूनच रूळ नेतात. हे मी त्या चिरंजीवांना सांगितलं तर म्हणाले, "अर्थात, स्वस्त पडतं."

आणि 'आर' बटण, उखडायचं. डब्लिनची हारकोर्ट स्ट्रीट लाइन १९५८च्या अखेरीला बंद केली आणि रूळ काढून टाकले. त्यातल्या बऱ्याचशा वाटेवर रूळ परत आले ते २००४ साली, लुअसच्या ग्रीन लाइनच्या रूपानं. काढायला काही महिने, परत टाकायला ४५ वर्षं. त्याच वर्षी रेड लाइनही सुरू झाली, पण दोन्ही लाइनी एकमेकींना भेटत नव्हत्या! मी मास्टर्ससाठी आलो तो त्याच सप्टेंबरात. स्टीव्हन्स ग्रीनपासून ॲबी स्ट्रीटपर्यंत दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन पावसात चालताना मनात हेच की माउसची एक ओढ मारली असती की काम झालं असतं. ती एक ओढ डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाली. विमानतळाच्या मेट्रोचं तर विचारूच नका. २००५ साली घोषणा, २०११ साली लांबणीवर, मग नव्या नावानं पुन्हा पहिल्यापासून.

तर आता मूळ प्रश्न: अभ्यास की उनाडकी? मुलाच्या मागं दहा मिनिटं गुपचूप उभं राहा आणि त्याचं डावं बोट बघा. ओपन टीटीडीत शिफ्ट दाबून रूळ ओढला तर रूळ पडत नाही, फक्त अंदाजे खर्च किती येईल ते समोर येतं. आमच्या भाषेत एस्टिमेट. जे मूल शिफ्ट दाबून दोन-तीन वाटा ताडून बघतं आणि मग एक निवडतं, ते माझ्या मते सर्व्हे करतंय आणि त्याला परीक्षेपर्यंत शनिवारचे दोन तास द्यायला हरकत नाही. जे मूल आधी रूळ टाकतं, मग बुलडोझर फिरवतं, मग पुन्हा टाकतं, त्याचा लॅपटॉप परीक्षेपर्यंत कपाटात गेलेला बरा. ज्या घरी मी प्रयोग केला तिथं शिफ्टची कळ घासून गुळगुळीत झाली होती. कुलूप टळलं. दुसऱ्या घरच्या निकालाबद्दल इथं लिहीत नाही, त्या वहिनींना फोनवर सांगितलं आहे.

कपाटाच्या बाहेर ठेवणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन नगरपालिकेचा स्वभाव 'हॉस्टाइल' करून ठेवा. मग घरं पाडणं जवळजवळ अशक्य होतं आणि मुलं आपोआप वळसे शोधायला लागतात. ९० अंशांची वळणं बंद करायचीही सोय आहे, तीही करा.

शेवटचं म्हणजे मार्चमधल्या एखाद्या शनिवारी, पाऊस नसेल तर, मुलांना घेऊन कॉनलीहून ड्रॉहेडाला जायचा विचार आहे. जाताना उजव्या हाताला समुद्र, मॅलाहाइडचा दुरुस्त झालेला पूल, आणि ड्रॉहेडा स्टेशनच्या पलीकडे बॉइन नदीवरचा मॅकनील यांचा १८५५चा पूल. शक्य झालं तर एक जुना थिओडोलाइट मिळवतो, म्हणजे नदीकाठच्या गवतावर एक वळण आखून बघता येईल. खुंट्या मी आणतो. ज्यांना यायचंय त्यांनी मंडळाच्या सचिवांकडे नावं द्यावीत. डबे आपापले, आणि कोणीतरी थालीपीठं जास्तीची आणावीत.